प्रकल्प नोंदी: काळ्या गाडीसाठी टॉवेल

४ जानेवारी

बाबांची काळी गाडी आज सावलीत घेऊन धुतली. सुकल्यावर बॉनेटवर टॉर्च मारला, तर उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याचं जाळं उमटलं. टॉर्च सरकवला की जाळंही त्याच्या मागोमाग सरकतं. खरं तर ओरखडे गोल नसतात. ते वाटेल त्या दिशेने सरळच गेलेले असतात, पण उजेडाला आडवे पडलेले तेवढेच चमकतात आणि नजरेला वर्तुळं दिसतात. छपरावर कमी आहेत, बॉनेटवर आणि डिकीवर जास्त, चालकाच्या दारावर सगळ्यांत जास्त. जिथे हात सहज पोचतो तिथे रंग जास्त खराब झालाय.

बाबा रोज सकाळी गाडी पुसतात. कोरड्या फडक्याने, मनापासून, गाडी घेतल्या दिवसापासून. मी काही बोलायच्या आत त्यांनीच फडका हातात दिला. "अगं, हात लावून बघ, किती मऊ आहे."

मऊ होताच. या प्रकल्पाची सुरुवात त्या वाक्यापासून झाली असं म्हणेन, कारण तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. रात्री विचार केल्यावर लक्षात आलं की फडक्याच्या मऊपणाने काहीच बिघडलेलं नाही. बिघडवलं ते फडका आणि रंग यांच्यामध्ये सापडलेल्या धुळीने. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात. मोहस मापावर क्वार्ट्झची कठिणता ७, खिडकीच्या काचेची साधारण साडेपाच. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर काचेपेक्षाही बराच मऊ. फडका कितीही मऊ असला तरी त्याने तो कण रंगावर दाबून धरला की रेघ उठणारच.

हा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो. छपाईचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे कागदाच्या निम्म्या जाडीवर गाडीची सगळी चमक उभी आहे. पॉलिशने ओरखडे 'जातात' ते भरून येत नाहीत, त्यांच्या आजूबाजूचा थर झिजवून पातळी खाली आणलेली असते. हे हवं तितक्या वेळा करता येत नाही. मला ते एकदाच करायचंय, महिनाअखेरीस. त्याआधी टॉवेल ठरवायचे. आधी पॉलिश आणि मग टॉवेलांचा विचार, हा क्रम मला उलटा वाटतो.

६ जानेवारी

घरात गाडीसाठी म्हणून जेवढी कापडं होती ती सगळी जमिनीवर मांडली. बाबांचा फडका, दोन जुने सुती टी-शर्ट, एक जुना अंघोळीचा पंचा, आणि कधीतरी घेतलेलं शॅमॉय चामडं.

सुती कापडाला मी वाईट म्हणणार नाही. कापूस पाणी पितो, अगदी धाग्याच्या आत घेतो. नेहमीच्या दमटपणात कापसात वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी नुसतं हवेतून येऊन बसलेलं असतं. पॉलिस्टरमध्ये ते अर्धा टक्काही नसतं. अडचण वेगळी आहे. टी-शर्टचं कापड सपाट असतं, त्याला लव नाही. कण आला की तो पृष्ठभागावरच राहतो आणि पुढच्या हातासरशी रंगावरून फरफटत जातो.

शॅमॉयचंही तेच. एके काळी ते त्याच नावाच्या डोंगरी प्राण्याच्या कातडीचं असायचं, आता बहुतेक मेंढीच्या कातडीला माशाच्या तेलात कमावून करतात. पाणी सुरेख ओढतं. पण त्याचा पृष्ठभाग ओल्या तळहातासारखा रंगाला चिकटून सरकतो आणि मध्ये आलेल्या कणाला सुटकेला जागा देत नाही. काचेसाठी ठेवते. रंगावर नाही.

म्हणजे बाबांना द्यायचं उत्तर हे: टॉवेल किती मऊ आहे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, उचललेला कण त्यात कुठे जाऊन बसतो?

९ जानेवारी

मायक्रोफायबर हा शब्द मी इतकी वर्षं वापरत आले, पण आज पहिल्यांदा नीट समजून घेतला.

धाग्याची बारकाई डेनियरमध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचं वजन १ ग्रॅम भरलं तर तो १ डेनियरचा. १ डेनियरपेक्षा बारीक तो मायक्रोफायबर. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये असे अतिशय बारीक धागे वापरून कृत्रिम स्वेड तयार केलं, आणि तिथून ही वाट रुंद होत गेली.

टॉवेलांचं मायक्रोफायबर मात्र आणखी एक पायरी पुढचं. पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन) एकाच तंतूत शेजारी शेजारी भरून काढतात. तो तंतू आडवा कापून पाहिला तर कापलेल्या संत्र्यासारखा दिसतो: पॉलिस्टरच्या फाकी, आणि त्यांच्यामध्ये नायलॉनचे पडदे. विणून झाल्यावर रसायनाने आणि यंत्राने त्या फाकी एकमेकींपासून सोडवतात. एका तंतूचे कितीतरी तुकडे होतात, प्रत्येक ३ ते ५ मायक्रॉनचा, आणि गोल नाही तर कडा असलेला. रेशमाचा तंतू १० मायक्रॉनच्या पुढे असतो. या कडांमध्ये आणि फटींमध्ये पाणी केशाकर्षणाने ओढलं जातं, आणि धूळ अडकते. पॉलिस्टर स्वतः पाणी पीत नाही, तरी टॉवेल पाणी ओढतो तो या फटींमुळे.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. फाकी सुटल्याच नसतील तर लेबलावर 'मायक्रोफायबर' लिहिलेलं असूनही ते कापड गुळगुळीत, पाणी पुढे ढकलणारं निघतं. ओळखायची खूण सोपी: कोरड्या हाताने टॉवेलवरून हलकेच बोटं फिरवायची. नीट सुटलेले तंतू त्वचेच्या बारीक खरखरीला अडकतात आणि अंगावर शिरशिरी आणतात. ज्यांना ती भावना सहन होत नाही अशी माणसं मला माहीत आहेत, पण टॉवेलाच्या बाबतीत ती चांगली बातमी आहे.

मिश्रणाबद्दल: ८०/२० आणि ७०/३० असे आकडे छापलेले असतात, पहिला पॉलिस्टरचा, दुसरा नायलॉनचा. नायलॉन जास्त म्हणजे स्पर्श थोडा मऊ आणि पाण्याची ओढ थोडी जास्त. पण तंतू किती नीट सुटलेत आणि विण कशी आहे याचा फरक त्याहून मोठा पडतो. मी ७०/३०च्या मागे धावणार नाही.

१२ जानेवारी

टॉवेल आले. पाच प्रकार मागवले होते:

जाड लवेचे राखाडी, ४० × ४० सेंमी, लेबलावर ५०० जीएसएम.
आखूड लवेचे पिवळे, बिनशिवणीच्या कडांचे, ४० × ४०, लेबलावर ४००.
निळे, कडेला शिवलेली पट्टी, ४० × ४०, ३५०.
सुकवायचे मोठे, पिळलेल्या फासांच्या विणीचे, ६० × ९०, १२००.
काचेसाठी चौकटीदार वॅफल विणीचे.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. त्यामुळे लेबल खरं बोलतंय का हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. ४० × ४० म्हणजे ०.१६ चौरस मीटर. ५०० जीएसएमचा टॉवेल ८० ग्रॅम भरायला हवा. राखाडी ७९ भरला. अगदी प्रामाणिक. पिवळा ४९ भरला, आणि मी हबकले, कारण ४००च्या हिशेबाने ६४ हवेत. मग पट्टी लावून मापला तर तो ४० × ४० नव्हताच, ३८ × ३८ होता. त्या मापाने जीएसएम ३३९ येतं. म्हणजे मापही कमी आणि दाटीही कमी. मोठा टॉवेल ६११ ग्रॅम, ०.५४ चौरस मीटरला भागले तर ११३१. लेबलापेक्षा कमी, पण चालेल.

पिवळ्यांचा राग आला होता, तासाभराने ओसरला. जीएसएम फक्त वजन सांगतं, दर्जा सांगत नाही. दोन टॉवेलांचं जीएसएम सारखंच असून एकाची लव लांब आणि विरळ, दुसऱ्याची आखूड आणि दाट असू शकते. आणि प्रत्येक कामाला जड टॉवेल लागतोच असं नाही. लांब लव कण खोल नेते, म्हणून हलकी धूळ आणि स्प्रे पुसायला ती हवी. आखूड लवेला पकड असते, म्हणून वाळलेलं वॅक्स उचलायला ती बरी. पिवळे आहेत तसे ठेवले, त्यांचं काम पुढे शोधेन.

१३ जानेवारी

सगळे नवे टॉवेल वापरायच्या आधी धुतले, रंगारंगाने वेगळे. निळ्यांनी पाणी चांगलंच निळं केलं. विणताना आणि कापताना सुटलेले तंतू पहिल्याच धुण्यात निघाले. हे गाडीवर निघण्यापेक्षा बादलीत निघालेले बरे.

१७ जानेवारी

आज चाचणी. जुन्या सीडींच्या चमकत्या बाजूवर. ती बाजू उघड्या पॉलिकार्बोनेटची असते, गाडीच्या क्लिअर कोटपेक्षा लवकर ओरखडते, त्यामुळे कठोर परीक्षक. (ब्लू-रे घेऊ नये, तिच्यावर कठीण थर असतो आणि ती सगळ्यांना पास करते.) प्रत्येक टॉवेल आधी सपाट घडी करून, मग फक्त कड, मग लेबल, असे तीनदा घासले. सारख्या दाबाने वीस वेळा मागेपुढे. मग टॉर्च.

सपाट भागाने पाचही पास, पिवळ्यासकट. हे अपेक्षित होतं. तंतू वाळूसारखा कठीण नसतोच. खरी गोष्ट कडांवर कळली. निळ्याच्या शिवलेल्या पट्टीने ठळक रेघा उठवल्या. पट्टीचं कापड मऊ होतं, पण शिवणीचा दोरा जाड आणि ताठ होता, आणि टोकाशी जिथे तो वितळवून बंद केला होता तिथे टाचणीच्या डोक्याएवढी कठीण गाठ होती. लेबलांनी तर सगळ्यांनीच ओरखडे काढले. एकूण एक लेबलं उसवून काढली. कात्रीने कापायची नाहीत, कापली की शिवणीत अडकलेला ताठ तुकडा उरतो. दोरा उसवून सबंध ओढायचं.

बिनशिवणीची कड म्हणजे सुरक्षित असंही नाही. अशा कडा बहुधा अल्ट्रासॉनिक पद्धतीने कापतात, त्यात उष्णतेने कडेचे तंतू किंचित जुळतात. काम घाईत झालं असेल तर तिथे पातळ, प्लास्टिकसारखी ताठ रेघ तयार होते. बोटांना ती कळत नाही, बोटांची कातडी जाड असते. ओठांवरून कड हळूच फिरवली की लगेच कळते. एका राखाडी टॉवेलच्या एका बाजूला अशी रेघ सापडली. तो टॉवेल आतल्या कामाला गेला. पिवळ्यांच्या कडा मात्र चारही बाजूंनी स्वच्छ.

निळे सगळे चाकांना आणि दारांच्या खाचांना. रंगावर नाही.

१८ जानेवारी

सुकवणं. यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला, कारण माझ्या मते गाडी धुताना जेवढे ओरखडे पडतात त्यातले बरेच धुवून झाल्यावर पडतात. माणूस थकलेला असतो, गाडी स्वच्छ दिसत असते, हात निष्काळजी होतो.

आधी एक साधा प्रयोग. बॉनेटच्या सपाट भागावर ५० मिली पाणी ओतलं, टॉवेल वर नुसता ठेवला, दाबला नाही, ओढला नाही, दहा आकडे मोजून उचलला. पिळलेल्या फासांच्या टॉवेलखाली जवळपास कोरडं. राखाडीखाली ओलसर पुसट डाग. सुती पंच्याखाली थेंब शिल्लक, आणि हा तर सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत पाणी पिणारा म्हणून घरात प्रसिद्ध. पाणी धाग्याच्या आत जायला वेळ लागतो, फटींमध्ये जायला लागत नाही.

मग पूर्ण गाडी. शेवटचं पाणी नळीचं तोंड काढून, जोर न देता, वरून सोडलं. असं सोडलं की पाणी थेंबाथेंबाने उरण्याऐवजी चादरीसारखं एकत्र घसरत खाली जातं आणि अर्धं सुकवणं तिथेच होतं. त्यानंतर मोठा टॉवेल दोन्ही कोपऱ्यांना धरून छपरावर पसरला आणि फक्त स्वतःच्या वजनाने हळूच ओढला. दारांवर मात्र ओढला नाही. तिथे टिपकागदासारखं टिपलं: ठेवायचं, तळहाताने थापायचं, उचलायचं. सगळं झाल्यावर टॉवेल काट्यावर १,४२० ग्रॅम. म्हणजे ८०० ग्रॅमच्या वर पाणी एकट्याने उचललं आणि तरी ठिबकत नव्हता.

या विणीबद्दल. प्रत्येक फास पिळलेला आणि उभा असतो, दोन फासांमध्ये खोल दरी. पाणी तर जातंच, चुकून राहिलेला कणही त्या दरीत खाली जातो. तोटे दोन. फास बिल्ल्याच्या आणि नंबरप्लेटच्या टोकाला अडकतो आणि ओढला जातो. आणि भिजल्यावर टॉवेल इतका जड होतो की टोक जमिनीला लागायचा धोका असतो. एकदा लागलंच. टॉवेल तिथेच बाजूला ठेवला, पुन्हा धुवेपर्यंत त्याला गाडीजवळ आणलं नाही. जमिनीवर पडलेला टॉवेल झटकून वापरू नये, लव कण सोडत नाही, तेच तर तिचं काम.

रंगावर थोडा स्प्रे डिटेलर (रंग निसरडा आणि चमकदार करणारा फवारा) मारून सुकवलं तर टॉवेल आणखी सहज सरकतो. दोन्ही दारांवर तुलना केली. फरक हाताला स्पष्ट जाणवला, आता सवयच करणार.

२४ जानेवारी

पॉलिश. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, मध्यम पॅड, एकच टप्पा. मशीनचं इथे लिहीत नाही, टॉवेलांचं लिहिते.

माझा अंदाज होता की ताज्या पॉलिश केलेल्या रंगावर सगळ्यांत जाड, सगळ्यांत मऊ राखाडी टॉवेल वापरावा. दुसऱ्याच भागावर तो चुकला. पॉलिशमधलं तेल आणि झिजलेली रंगाची पावडर लांब लवेत अडकून लवेच्या बटा झाल्या, टॉवेल ओढल्यासारखा चालायला लागला, आणि पॉलिश निघण्याऐवजी पसरत राहिलं. पिवळा घेतला, आखूड लव, आणि एका हातात स्वच्छ. आपल्याला दाब कमी लागतो तो टॉवेल त्या क्षणी मऊ, असं मी आता मोजते.

टॉवेल चौघडीत घ्यायचा, म्हणजे उलगडत गेलं की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका भागाला एक बाजू. पॉलिशमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे घासणारे कण असतात, भरलेली बाजू पुन्हा वापरली की आपणच पुन्हा घासायला लागतो. संध्याकाळपर्यंत नऊ पिवळे खर्ची पडले. मी सहा काढून ठेवले होते. पुढच्या वेळी बारा.

अंगठी, घड्याळ आणि पट्ट्याचं बक्कल सकाळीच काढून ठेवलं होतं.

२५ जानेवारी

काचा. वॅफल टॉवेल किंचित ओला करून एकदा, दुसऱ्या कोरड्याने लगेच. आतून उभे हात, बाहेरून आडवे, म्हणजे रेघ राहिली तर ती कोणत्या बाजूला आहे ते कळतं. जाड लवेचा टॉवेल काचेवर पाणी मागे सोडतो आणि धुरकट पट्टे उठतात, ते करून बघून झालं.

१ फेब्रुवारी

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावून कठीण संरक्षक थर होणारं द्रव. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ मिश्रणाने सगळा रंग पुसला, पॉलिशचं तेल निघावं म्हणून.

कोटिंगसाठी वेगळे टॉवेल लागतात आणि ते परत वापरायचे नसतात, हे मला आधीपासून माहीत होतं. का, ते आज हाताने कळलं. कोटिंगमधलं रेझिन हवेत कठीण होतं. टॉवेलात शोषलेलंही तसंच होतं. सकाळी वापरलेला टॉवेल संध्याकाळी हातात घेतला तर मधले डाग कडक कागदासारखे वाजत होते. तो धुवून मऊ होत नाही, आणि कोणी चुकून रंगावर वापरला तर सीडीच्या चाचणीत लेबलाने केलं ते हा करेल. म्हणून वापरून झाल्याबरोबर प्रत्येकाच्या कोपऱ्याला कात्रीने कापलं आणि टाकून दिले.

दोन टॉवेल एकामागोमाग: पहिला आखूड लवेचा, जास्तीचं द्रव उचलायला, दुसरा राखाडी, शेवटचा हलका हात फिरवायला. पहिल्या कामाला पिवळेच होते. बारा तारखेला ज्यांच्या मापावरून चिडले होते, त्यांनी या गाडीवर सगळ्यांत महत्त्वाची दोन कामं केली. टाकून देताना वाईट वाटलं नाही एवढे ते हलके होते, हाही गुणच.

बाटलीवर लिहिल्याप्रमाणे ७ दिवस गाडीला पाणी नाही.

८ फेब्रुवारी

आज धक्का बसला. राखाडी आणि मोठे टॉवेल मी धुवायच्या बादलीत वेगळे न ठेवता दाराशी सोडले होते. बाबांनी ते घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकले. "तुझे टॉवेल पण धुतले गं. वासाचं ते मऊ करायचं औषध पण घातलंय, छान झालेत."

ते मदत करत होते. सांगून ठेवायला मी हवं होतं.

दोन गोष्टी झाल्या. सुती कपड्यांचे बारीक तंतू लवेत घट्ट बसले. धूळ धरावी म्हणून बनवलेलं कापड कापसाचा पिंजही तितक्याच इमानाने धरतं. आणि फॅब्रिक सॉफ्टनर. त्यातली द्रव्यं धाग्यावर एक तेलकट आवरण सोडतात. हाताला मऊ लागतं, पण त्याने फटी बुजतात. मोठ्या टॉवेलवर पाण्याचा थेंब सोडला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला, आत गेलाच नाही. अठरा तारखेला ८०० ग्रॅम पाणी उचललेला हाच टॉवेल.

दुरुस्ती: ४० अंशांच्या पाण्यात द्रव डिटर्जंट, सॉफ्टनर नाही, ब्लीच नाही, एक जादा पाणी. पहिल्या धुण्यानंतर थेंब सावकाश मुरला. दुसऱ्यानंतर ठेवताक्षणी गेला. पिंज मात्र हाताने, ओल्या रबरी हातमोज्याने ओढून काढावा लागला, एका टॉवेलला वीस मिनिटं. तीन टॉवेलांवर समाधान झालं नाही, ते आतल्या कामाला.

उष्णतेबद्दलही लिहून ठेवते, कारण ड्रायरमध्ये मायक्रोफायबर वितळतं असं सर्रास ऐकू येतं. पॉलिस्टर २५० अंशांच्या वर वितळतं, घरच्या ड्रायरमध्ये तसं काही होत नाही. पण त्याच्या पुष्कळ आधी, ७० ते ८० अंशांच्या आसपास, पॉलिस्टरचा ताठपणा सैल पडतो, नायलॉनचा त्याहून आधी, आणि थंड होताना तंतूची टोकं वाकडी तशीच बसतात. टॉवेल कोरड्या हाताला खरखरीत लागतो तो यामुळे. सावलीत वाळत घालायचे, किंवा ड्रायर सगळ्यांत कमी तापमानावर. इस्त्री नाही.

१५ फेब्रुवारी

कोटिंगनंतरची पहिली धुलाई. पाणी गोळ्यागोळ्यांनी पळतं, मोठ्या टॉवेलला फार काम उरलं नाही.

झाकणाचे चार डबे केले. राखाडी: रंग, खिडकीच्या रेषेच्या वर. पिवळे: पॉलिश आणि वॅक्स, आणि धुवून परत आलेले दारांच्या खालच्या पट्ट्याला, कारण रस्त्याची घाण तिथेच सगळ्यांत जास्त उडते. निळे: चाकं. चौथ्यात काचेचे. टॉवेल फक्त खालच्या दिशेने जातो, राखाडी डब्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून निळ्यात. वर कधीच नाही. चाकाचा टॉवेल कितीही स्वच्छ धुतला तरी ब्रेकच्या भुकटीतला धातू लवेच्या मुळाशी राहतो. म्हणून चाकांचे टॉवेल वेगळ्या फेरीत धुवायचे.

२२ फेब्रुवारी

आता बाबांची सकाळ. त्यांना पुसू नका म्हणणं मला जमणार नव्हतं आणि ते योग्यही नव्हतं. गाडीजवळचा तो अर्धा तास त्यांचा आहे.

त्यांना दोन राखाडी टॉवेल आणि स्प्रे डिटेलरची बाटली दिली आणि हाताने करून दाखवलं. भरपूर फवारा, चौघडी, दाब नाही, एकाच दिशेने, प्रत्येक भागाला नवी बाजू. बोट फिरवून रेघ उमटण्याइतकी धूळ असेल तर टॉवेल लावायचाच नाही, आधी पाणी. त्यांनी विचारलं, "मग धूळ असेल त्या दिवशी मी काय करू?" मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही आतून पुसा. काचा, डॅशबोर्ड. तिथे बाद झालेले सगळे राखाडी तुमचेच." त्यांना पटायला थोडा वेळ लागला.

जुना फडका मी टाकला नाही. तो त्यांच्या सायकलसाठी ठेवलाय.

१ मार्च

टॉर्च. पाच आठवडे झाले पॉलिशला. बॉनेट स्वच्छ, छप्पर स्वच्छ, डिकीवर कडेला दोन बारीक रेघा, त्या मशीनच्या वेळच्या असाव्यात. चालकाच्या दारावर हँडलच्या मागच्या खोबणीत मात्र दाट जाळं. मी टॉवेलांची यादी मनात उलटसुलट करायला लागले, कोणत्या दिवशी काय वापरलं.

बाबांनी टॉर्च माझ्या हातातून घेतला, हँडल धरलं, आणि दार उघडताना त्यांची नखं खोबणीत कुठे लागतात ते दाखवलं. "हे टॉवेलाचं नाही गं. हे माझं आहे."

खोबणीवर पारदर्शक फिल्म लावायची, पुढच्या आठवड्यात. बाबांच्या दोन राखाडींपैकी एक आज ओठांवर किंचित ताठ लागला, पिवळ्या डब्यात टाकला. त्यांना नवा दिला, धुवून, लेबल उसवून.